बिचवा, गुप्ती, पिस्तूल : लपविलेल्या शस्त्राचा मराठी इतिहास

शस्त्रांचा इतिहास सांगू लागलो की आपल्याकडे बोलणे तलवारीपासून सुरू होते आणि तोफांपाशी संपते. पोवाड्यांत, चित्रांत, चौकाचौकांतील अश्वारूढ पुतळ्यांत जे शस्त्र आपल्याला भेटते ते दिसावे म्हणूनच धारण केलेले असते. परंतु माणसाने अंगावर बाळगलेल्या शस्त्रांचे मुळातच दोन वर्ग पडतात. एक दिसावे म्हणून बाळगलेले आणि दुसरे दिसू नये म्हणून बाळगलेले. पहिल्या वर्गाला आपण मान, बिरुद, दर्जा हे शब्द लावतो. दुसऱ्या वर्गाबद्दल बोलताना मात्र आपली भाषा चाचरते. तिला युक्ती म्हणावे की दगा, सावधपणा म्हणावे की कपट, याचा निर्णय शस्त्राकडे पाहून होत नाही. ते कोणाच्या हाती होते यावर होतो. हा निर्णय मराठी समाजाने आणि मराठी साहित्याने वेळोवेळी कसा केला, हे पाहण्याचा आमचा प्रयत्न आहे.

पुरुषोत्तम दारव्हेकरांचे 'कट्यार काळजात घुसली' (१९६७) हे नाटक आपल्या वाचकांना ठाऊकच आहे. तेथे राजगायकाच्या पदाबरोबर एक कट्यार मिळते आणि त्या कट्यारीने झालेला एक खून माफ असतो. ही कट्यार उघड आहे. ती कमरेला लावून मिरवायची वस्तू आहे. तिच्यातील हिंसेला राजाची मोहोर लागलेली आहे. याउलट विराटपर्वातील शस्त्रे पाहा. अज्ञातवासाला निघालेल्या पांडवांनी आपली आयुधे स्मशानाजवळच्या शमीवृक्षावर बांधून ठेवली आणि कोणी जवळ जाऊ नये म्हणून तेथे प्रेतही टांगले, अशी ती कथा आहे. जगातील एका थोर महाकाव्यात शस्त्रे लपविण्याचा असा सविस्तर प्रसंग असावा आणि दसऱ्याला आपण त्या शमीची पूजा करावी, हे लक्षात घेण्याजोगे आहे. पण त्यातील एक भेद निसटू नये. पांडवांनी शस्त्रे स्वतःपासून दूर लपविली. अंगावर लपविली नाहीत. विराटाच्या दरबारात ते खरोखरच निःशस्त्र वावरले. शस्त्र झाडावर लपविणे आणि अंगरख्यात लपविणे या दोन वेगळ्या नैतिक अवस्था आहेत. दुसऱ्या अवस्थेत समोरचा माणूस आपल्यावर विश्वास टाकत असतो आणि तो विश्वास खोटा आहे हे आपल्याला माहीत असते.

लपवायचे शस्त्र कोणते निवडावे हा प्रश्न वरवर पाहता केवळ तांत्रिक वाटतो. अमेरिकेत पोलीस आणि खाजगी नागरिक पायाच्या घोट्यापाशी चामड्याचा किंवा कापडी पट्टा बांधून त्यात लहान पिस्तूल ठेवतात. त्या निवडीचे निकष ठरलेले आहेत. वजन बेताचे हवे, कारण चालताना पाऊल जड पडले की बिंग फुटते. नळी आखूड हवी, अंग सपाट हवे, कपड्यात अडकणारे कोपरे नकोत. आणि इतके करूनही ते शस्त्र दुय्यमच राहते, कारण ते काढायचे तर वाकावे लागते, गुडघा टेकावा लागतो. तेवढ्या वेळात प्रसंग निघून जातो. म्हणूनच ते बहुधा दुसरे, राखीव शस्त्र असते. आम्हांला यात रस आहे तो वेगळ्या कारणाने. घोट्यापाशी शस्त्र लपवायचे तर आधी घोटा झाकणारे वस्त्र हवे. पायघोळ विजार ज्या समाजात सार्वत्रिक आहे त्याच समाजात ही जागा शस्त्राला सुचते. धोतर नेसणाऱ्या, उघड्या पोटऱ्यांनी आणि वहाणांनी चालणाऱ्या समाजाला ती सुचणे शक्य नव्हते. मराठी माणसाचे लपविलेले शस्त्र वर चढले : अस्तनीत, कमरेच्या शेल्यात, हातातल्या काठीत आणि पुढे कोटाच्या खिशात. लपविलेल्या शस्त्राचा इतिहास हा अशा रीतीने वस्त्रांचाही इतिहास आहे.

त्या शस्त्रांची नावेच पाहावीत. बिचवा म्हणजे दुहेरी वळणाच्या पात्याचे, मुठीला कडे असलेले छोटे हत्यार. विंचवाच्या नांगीवरून त्याला हे नाव पडले. वाघनख मुठीत मावते. बाहेरून दिसतात त्या फक्त बोटांतल्या अंगठ्या. गुप्ती तर नावानेच गुप्त आहे. चालण्याच्या काठीच्या पोटात पाते दडविलेले असते आणि काठी ही वृद्धांची, प्रतिष्ठितांची, प्रवाशांची सोबतीण असल्याने तिचा संशय कोणाला येत नाही. विंचू, वाघ आणि गुप्तता : भाषेने या हत्यारांना एक तर प्राण्यांच्या जगात नेऊन ठेवले किंवा त्यांचे नाव घेणेच टाळले. तलवारीला मात्र आपण भवानी म्हटले. हा फरक भाषेने आपल्याला न सांगता केला आहे.

या इतिहासातील आद्य प्रसंग अर्थातच प्रतापगडच्या पायथ्याचा, १० नोव्हेंबर १६५९ चा. कृष्णाजी अनंत सभासदाने जिंजी येथे, राजाराममहाराजांच्या काळात, सतराव्या शतकाच्या अखेरीस आपली बखर लिहिली. भेटीपूर्वी महाराजांनी काय काय अंगावर घातले हे तो ओळीने सांगतो आणि त्या यादीत बिचवा व वाघनख येतात. सभासदाला ही गोष्ट झाकावीशी वाटत नाही, किंवा तिचे समर्थन करावे असेही वाटत नाही. ज्याच्या पोशाखाचे वर्णन चालले आहे त्याच्या पोशाखाचा तो एक भाग आहे, इतकेच. त्याच्या वाचकांना वैऱ्याच्या भेटीला जाणाऱ्या माणसाने सावध असावे यात काही नवल नव्हते आणि खानानेही कट्यार काढल्याचे त्याच्या कथेत येतेच.

नैतिक प्रश्न निर्माण झाला तो पुढे, वाचक बदलल्यावर. जेम्स ग्रँट डफ हा १८१८ नंतर साताऱ्यास कंपनीचा प्रतिनिधी होता. त्याने १८२६ साली प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या इतिहासात या प्रसंगाला विश्वासघाताचे रूप आले. आणि योग असा की त्याच घराण्याकडे एक वाघनख साताऱ्याहून इंग्लंडला गेले, पुढे त्याच्या वंशजाने ते लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाला दिले. तेच वाघनख २०२४ च्या जुलैमध्ये तीन वर्षांच्या बोलीवर साताऱ्याच्या शिवाजी संग्रहालयात आले. ते प्रतापगडावर वापरलेलेच आहे असे सिद्ध करता येत नाही, ही संग्रहालयाची स्वतःचीच भूमिका आहे. तरीही लोक रांगा लावून ते पाहतात. मुठीत झाकण्यासाठी घडविलेले हत्यार आता काचेच्या पेटीत, दिव्यांच्या प्रकाशात आहे. लपविलेले शस्त्र कालांतराने मिरवायचे शस्त्र कसे होते याचे याहून बोलके उदाहरण सापडणार नाही. ग्रँट डफने ज्या कृत्याला दोष दिला त्याच कृत्याचे हत्यार त्याच्या वंशजांनी जपून ठेवले. आणि ज्यांना ते कृत्य गौरवाचे वाटते त्यांना ते पाहण्यासाठी उसने आणावे लागले.

या दोन टोकांच्या मध्ये एक कायदा उभा आहे. लॉर्ड लिटन व्हाइसरॉय असताना १८७८ साली दोन कायदे झाले. एकाने देशी भाषांतील वृत्तपत्रांवर जामिनाची आणि जप्तीची टांगती तलवार ठेवली. दुसऱ्याने परवान्यावाचून शस्त्र बाळगणे हा गुन्हा ठरविला आणि युरोपीयांना नियमांद्वारे त्यातून मोकळे ठेवले. लेखणी आणि हत्यार या दोहोंचा एकाच वर्षी बंदोबस्त करणाऱ्या राज्यकर्त्यांना या दोहोंतील नाते चांगले कळले होते, असेच म्हणावे लागेल. वृत्तपत्रांचा कायदा रिपनच्या कारकिर्दीत रद्द झाला. शस्त्रांचा कायदा मात्र स्वातंत्र्यानंतरही बारा वर्षे टिकला. १९५९ साली नवा कायदा आला तेव्हा कोठे तो गेला. काँग्रेसच्या आरंभीच्या अधिवेशनांतून तो शिथिल करण्याची मागणी होत असे. आणि ज्यांच्या नावाशी अहिंसा कायमची जोडली गेली त्या गांधीजींनी १९१८ साली खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीचा प्रचार करताना असे लिहिले होते की ब्रिटिश राज्याच्या दुष्कृत्यांत एका संपूर्ण राष्ट्राला निःशस्त्र करणारा हा कायदा इतिहास सर्वांत काळा मानील.

कायद्याचा परिणाम गावपातळीवर काय झाला हे समजण्यासाठी मुंबईच्या पश्चिम उपनगरातील खारदांडा या कोळ्यांच्या जुन्या गावाकडे पाहावे. साष्टी बेटाच्या या किनाऱ्याने १५३४ पासून पोर्तुगीजांचे, १७३७-३९ च्या मोहिमेनंतर मराठ्यांचे आणि १७७४ च्या अखेरीपासून इंग्रजांचे राज्य पाहिले. शस्त्रधारी सत्ता तीनदा बदलली. गावाचे हत्यार मात्र तेच राहिले : मासळी कापण्याचा कोयता, जाळ्याची दोरी तोडण्याची सुरी. १९५९ च्या कायद्याखाली १९६२ साली जे नियम झाले त्यांत तलवारी, गुप्त्या, खंजीर यांच्याबरोबर नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची हत्यारे गणली गेली. पण घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक उपयोगासाठी घडविलेली पाती त्यातून वगळली. दांड्याच्या बाजारात उघड्यावर, पाटीशेजारी पडलेला कोयता कदाचित त्या मापाहून मोठाही असेल. तो शस्त्र नाही. त्याहून चिंचोळे पाते काठीच्या पोटात गेले की ते शस्त्र होते. म्हणजे कायदाही केवळ मापाकडे पाहत नाही. ते पाते कशासाठी घडविले, हे तो विचारतो. गुप्तीला यादीत नाव घेऊन स्थान मिळाले ते तिच्या धारेमुळे जितके, तितकेच तिने पांघरलेल्या काठीच्या वेषामुळे, असे आम्हांला वाटते.

उघड शस्त्र गुन्हा ठरले की जे शस्त्र उरते ते लपविलेलेच असते. हे १८९७ साली पुण्याने पाहिले. प्लेगच्या निमित्ताने घराघरांत शिरणाऱ्या सोजिरांमुळे शहर संतापलेले होते आणि प्लेग समितीचा अध्यक्ष वॉल्टर चार्ल्स रँड हा त्या संतापाचा विषय झाला होता. त्या जूनमध्ये शिवराज्याभिषेकाच्या उत्सवात प्राध्यापक चिंतामण गंगाधर भानू यांचे अफझलखानाच्या वधावर व्याख्यान झाले. टिळक अध्यक्ष होते. गीतेचा आधार घेऊन त्यांनी त्या कृत्याची मीमांसा केली आणि तिचा वृत्तान्त 'केसरी'त आला. अडीचशे वर्षांपूर्वीच्या बिचव्याची नैतिकता हा त्या आठवड्यातला ताजा प्रश्न झाला होता. काही दिवसांतच, २२ जूनच्या रात्री, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाचा हीरकमहोत्सव साजरा करून परतणाऱ्या रँडवर गणेशखिंडीच्या रस्त्यावर गोळी झाडली गेली. मागच्या गाडीतील लेफ्टनंट आयर्स्ट जागीच ठार झाला. रँड ३ जुलैला मरण पावला.

दामोदर हरी चापेकर यांनी तुरुंगात लिहिलेल्या आत्मवृत्तात त्या रात्रीची जी हकीकत आहे तीत आमच्या विषयाचे मर्म सापडते. दोघे भाऊ घरून निघाले तेव्हा त्यांच्यापाशी पिस्तुलांबरोबर तलवारीही होत्या; बाळकृष्णपाशी कुऱ्हाडही होती. परंतु रोषणाई पाहायला लोटलेल्या गर्दीत ती हत्यारे घेऊन संशय न येता हिंडणे अशक्य झाले. तेव्हा ती त्यांनी वाटेतल्या एका दगडी मोरीखाली ठेवून दिली आणि फक्त पिस्तुले घेऊन ते पुढे गेले. या लहानशा कृतीकडे आम्ही पुन्हा पुन्हा परत येतो. ज्या तरुणांच्या मनात पेशवाईच्या, तलवारीच्या मर्दुमकीची स्वप्ने होती त्यांनी ऐन वेळी तलवार मोरीखाली ठेवली, कारण तलवार दिसते. त्यांच्या मनातले शस्त्र एक होते आणि काळाने हाती दिलेले शस्त्र दुसरे. दामोदरने गाडीचा पडदा वर करून गोळी झाडली तेव्हा दोघांतील अंतर वीतभर होते, असे तोच सांगतो.

यानंतरच्या घटनांत साहित्याचा विद्यार्थी थबकावा असे बरेच आहे. 'केसरी'तील त्या व्याख्यानाच्या वृत्तान्तासाठी आणि 'शिवाजीचे उद्गार' या कवितेसाठी टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला. सहा युरोपीय ज्यूरर विरुद्ध तीन हिंदी ज्यूरर अशा मतविभागणीने त्यांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. पिस्तूल कोणी झाडले हे ठरण्याआधीच कवितेचा निकाल लागला होता. पुढे तिघे चापेकर बंधू आणि महादेव रानडे फासावर गेले. त्यांतील वासुदेव व रानडे यांनी १८९९ च्या फेब्रुवारीत खबर देणाऱ्या द्रविड बंधूंना ठार केले होते. लपविलेले शस्त्र परसत्तेविरुद्ध निघाले होते. दोन वर्षांच्या आत ते आपल्याच आळीतल्या माणसांवर रोखले गेले. हा क्रम योगायोगाचा नाही. जे शस्त्र गुप्ततेवर जगते त्याला सर्वांत मोठे भय असते ते गुप्त गोष्ट जाणणाऱ्या जवळच्या माणसाचे.

नाशिकचा प्रसंग बारा वर्षांनी घडला आणि तोवर शस्त्रही बदलले होते. १९०० च्या सुमारास बेल्जियममधील हेर्स्टाल येथे जॉन ब्राउनिंगच्या आराखड्यावरून आपोआप गोळी भरणारी, सपाट अंगाची पिस्तुले मोठ्या संख्येने तयार होऊ लागली. जुन्या रिव्हॉल्व्हरचे फुगीर चक्र खिशात उठून दिसे. हे नवे पिस्तूल कोटाच्या आत वहीसारखे बसे. १९०९ च्या आरंभी विनायक दामोदर सावरकरांनी लंडनहून अशी वीस पिस्तुले चतुर्भुज अमीन याच्याबरोबर पाठविली. पेटीला खोटा तळ करून ती मुंबईत आली. १८५७ वरचे सावरकरांचे पुस्तकही त्याच वर्षी इंग्रजीत निघाले आणि इतर ग्रंथांच्या वेष्टणांत दडवून हिंदुस्थानात आणले गेले, असे सांगतात. पुस्तक आणि पिस्तूल एकाच रीतीने प्रवास करीत होते. त्याच वर्षीच्या जूनमध्ये थोरले बंधू गणेश दामोदर सावरकर यांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. आणि त्यांच्यावरील आरोपाचा आधार होता कवितांचे एक छोटे पुस्तक.

२१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सन यांच्या निरोपानिमित्त किर्लोस्कर मंडळींच्या 'शारदा' नाटकाचा प्रयोग होता. तेथे अनंत लक्ष्मण कान्हेरे याने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. कान्हेरे अजून अठरा वर्षांचाही झाला नव्हता, असे त्याच्या प्रचलित जन्मतारखेवरून दिसते. १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात कृष्णाजी गोपाळ कर्वे आणि विनायक नारायण देशपांडे यांच्यासह त्याला फाशी झाली. ए. एम. टी. जॅक्सन हे संस्कृतचे जाणकार होते, लोक त्यांना पंडित म्हणत. शाळामास्तरांकडे प्रश्नावली धाडून त्यांनी लोकसमजुती गोळा केल्या होत्या. त्यांच्या मृत्यूनंतर एन्थोव्हेन यांनी त्या साहित्यावरून गुजरात आणि कोकण या प्रदेशांचे दोन खंड १९१४-१५ च्या सुमारास सिद्ध केले. आज कोकणाच्या लोकसाहित्याचा अभ्यास करणारा विद्यार्थी ज्या पुस्तकाला हात घालतो त्याच्या मुखपृष्ठावरील 'कैलासवासी' या अर्थाच्या शब्दामागे नाशिकची ती रात्र आहे. जॅक्सन भले होते की साम्राज्याचे हत्यार होते, या वादात आम्हांला शिरायचे नाही. ते दोन्ही असू शकतात, आणि लपविलेल्या शस्त्राला एवढी गुंतागुंत पेलत नाही. त्याला वीतभर अंतर आणि एक क्षण मिळतो. तेवढ्यात समोरच्या माणसाचे एकच रूप शिल्लक राहते.

नाट्यगृह हा तपशीलही क्षुल्लक नव्हे. १८६५ साली वॉशिंग्टनच्या फोर्ड नाट्यगृहात अब्राहम लिंकन यांच्यावर नट जॉन विल्क्स बूथ याने जे पिस्तूल झाडले ते हेन्री डेरिंजरच्या बनावटीचे, एकबारी, तळहातात मावणारे होते. प्रेक्षागृहात माणसे अंधारात, एका दिशेला तोंड करून, शेजाऱ्याबद्दल निर्धास्त बसतात. बालाजरठ विवाहाच्या करुण कथेसाठी गोविंद बल्लाळ देवलांनी १८९९ साली रंगभूमीवर आणलेल्या नाटकाला आलेले प्रेक्षक असेच निर्धास्त होते.

येथे आमचे मुख्य निरीक्षण मांडतो. लहान शस्त्र दुरून चालत नाही. त्याला जवळीक लागते. आणि शत्रूच्या जवळ जाण्याचा परवाना समाजाने आधीच काही रूढ आचारांना दिलेला असतो. प्रतापगडावर ते आलिंगन होते, गणेशखिंडीत उत्सवाची गर्दी, नाशिकला निरोपसमारंभ. २२ जुलै १९३१ रोजी हंगामी गव्हर्नर अर्नेस्ट हॉट्सन फर्ग्युसन महाविद्यालय पाहण्यास आले असता विद्यार्थी वासुदेव बळवंत गोगटे याने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या, त्या ग्रंथालयात. हॉट्सन वाचले. तेथे तो आचार पाहुण्याच्या स्वागताचा होता. प्रत्येक वेळी शस्त्र लपले होते ते केवळ कापडाखाली नव्हे. भेट, सत्कार, स्वागत, प्रेक्षकपण या आचारांखाली. म्हणून लपविलेल्या शस्त्राची जखम दुहेरी असते. एक माणूस पडतो आणि त्याबरोबर तो आचारही काही काळ संशयास्पद होतो. प्रतापगडाच्या प्रसंगात दोन्ही पक्ष सशस्त्र सेनानी होते, दोघांनाही संशय होता आणि दोघांनीही तयारी केली होती. तेथे मोडण्यासारखा विश्वास फारसा उरला नव्हता. पुढच्या प्रसंगांना प्रतापगडाचा दाखला देताना हा फरक वारंवार गाळला गेला. बिचव्याची स्मृती पिस्तुलाच्या समर्थनाला आणली गेली, पण बिचव्याची परिस्थिती आणता आली नाही.

या परंपरेच्या नेमके विरुद्ध टोक १९३० साली याच उपनगरांत उभे राहिले. मिठाच्या सत्याग्रहासाठी विलेपार्ल्यास छावणी पडली आणि जुहूच्या किनाऱ्यावर लोकांनी मीठ तयार केले. खारदांड्याहून हे सारे हाकेच्या अंतरावर. खार म्हणजे मुळी मिठाची, खारवट जमीन. सत्याग्रहाचा नियमच असा की कायदा मोडायचा तर आधी सांगून, तारीख देऊन, दिवसाउजेडी मोडायचा. काही महिन्यांतच, ऑक्टोबरमध्ये, मुंबईच्याच लॅमिंग्टन रोडवरील पोलीस ठाण्यासमोर दुर्गादेवी आणि त्यांच्या साथीदारांनी मोटारीतून गोळ्या झाडल्या. एका शहरात एकाच वर्षी प्रतिकाराच्या या दोन भाषा ऐकू आल्या. एकीचे सामर्थ्य काहीही न लपविण्यात होते, दुसरीचे लपविण्यात.

आणि या दोन भाषांची गाठ ३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत, प्रार्थनेच्या वेळी पडली. मारणारा मराठी वृत्तपत्राचा संपादक होता. त्याच्यापाशी इटालियन बनावटीचे बेरेटा पिस्तूल होते, ग्वाल्हेरहून मिळविलेले. या वेळी शस्त्राने पांघरलेला आचार नमस्काराचा होता. ज्या माणसाने राष्ट्र निःशस्त्र करणाऱ्या कायद्याला सर्वांत काळे म्हटले होते आणि ज्याने आयुष्यभर राजकारणातून गुप्तता हद्दपार केली, त्याच्यावर ते पिस्तूल झाडले गेले. त्याचे मोल महाराष्ट्राने लगेच मोजले. गावोगाव ब्राह्मणांची घरे जळाली. ज्यांचा त्या कटाशी काडीचाही संबंध नव्हता अशी कुटुंबे उघड्यावर आली. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'वावटळ' या कादंबरीचा विषय तोच आहे. त्या कादंबरीकडे आम्ही लपविलेल्या शस्त्राच्या मराठी साहित्यातील सर्वांत महत्त्वाच्या नोंदींपैकी एक म्हणून पाहतो, जरी तिचे लक्ष पिस्तुलापेक्षा जळणाऱ्या वाड्यांवर आहे. गुप्त शस्त्राची किंमत अखेर उघड्यावर, अनोळखी माणसांकडून वसूल होते, हे तीत दिसते.

आज परिस्थिती निराळी आहे. राष्ट्रासाठी शस्त्र लपविण्याची भाषा मागे पडली आणि तिची जागा स्वसंरक्षणाने घेतली. २०१४ च्या जानेवारीत कानपूरच्या आयुध निर्माणीने 'निर्भीक' नावाचे .३२ बोअरचे, सुमारे पाचशे ग्रॅम वजनाचे रिव्हॉल्व्हर स्त्रियांसाठी म्हणून बाजारात आणले. दिल्लीतील २०१२ च्या अत्याचारानंतरचे ते दिवस होते. किंमत सव्वा लाख रुपयांच्या घरात, सोबत दागिन्यांच्या पेटीसारखी पेटी, वजन पर्समध्ये मावेल इतके. निवडीचे निकष पुन्हा तेच : हलके, लहान, न दिसणारे. बदलली ती लपविण्याची जागा. अस्तनी आणि कोट जाऊन पर्स आली. पण ज्या स्त्रीला रात्री लोकलमधून एकटीने यावे लागते तिला सव्वा लाखाचे हत्यार आणि त्याचा परवाना परवडतो काय, हा प्रश्न त्या पेटीत मावला नाही. आणि स्त्रियांवरील हिंसा बहुधा परिचिताकडून, घरातच होते, ही वस्तुस्थिती तर त्या पेटीने विचारातच घेतली नाही. लपविलेल्या शस्त्राला जवळीक लागते असे आम्ही म्हटले. येथे जवळीक हाच धोका आहे आणि शस्त्र मात्र परक्याची वाट पाहत बसले आहे.

साहित्याच्या वर्गात 'शारदा' शिकविताना नाशिकचा उल्लेख बहुधा एका वाक्यात उरकला जातो, बखर शिकविताना बिचव्याचा उल्लेख शब्दार्थात. आमची सूचना अशी की हे दोन उल्लेख शेजारी ठेवून वाचावेत. सभासदाने पोशाखाचा भाग म्हणून केलेली शांत नोंद, ग्रँट डफचा आरोप, भानूंचे व्याख्यान, दामोदर चापेकरांनी मोरीखाली ठेवलेली तलवार आणि माडगूळकरांचे जळते वाडे ही एकाच प्रश्नाची पाच उत्तरे आहेत. त्यांतील प्रत्येक उत्तर देणाऱ्याला समोरचा माणूस कोण दिसत होता, हे विद्यार्थ्यांनी पाठ्यांतून शोधून काढावे. आणि कोणाचे लपविलेले शस्त्र आपण युक्ती म्हणतो, कोणाचे दगा, याची स्वतःपुरती एक यादी करून पाहावी. ती यादी आपल्या निष्ठांविषयी जे सांगेल ते बिचव्यापेक्षा अधिक बोचेल, असा आमचा कयास आहे.